गोल्ड फेशियल

स्वप्नाली गेल्याला महिना होत आला, तरी तिचा फोन रोज चार्जिंगला लागत होता. बँकेचे, विम्याचे, गॅसच्या नोंदणीचे ओटीपी त्याच नंबरवर यायचे, म्हणून तिच्या नवऱ्याला, अभिनवला, तो बंद करता येत नव्हता. फोन टीव्हीशेजारी पडलेला असायचा आणि मधूनच थरथरायचा. थरथरला की अभिनव जेवत्या ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

स्वप्नाली घरोघर जाऊन पार्लरचं काम करायची. मीरा रोडच्या इमारतींपासून भाईंदर पश्चिमेच्या गावांपर्यंत तिच्या बायका पसरलेल्या होत्या. एका सकाळी चहा गाळताना तिनं डोकं धरलं, ओट्याला टेकून खाली बसली, आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. तिनं चाळिशीही गाठली नव्हती.

“आई, शनिवारी मी तो नंबर बंद करतोय,” अभिनव एक दिवस म्हणाला. “सगळे ओटीपी आता माझ्या नंबरवर येतायत. तिचं गुगल खातंही डिलीट करतो आणि फोन रिसेट मारतो. मला हे रोजचं थरथरणं सहन होत नाही. पण त्याआधी तिच्या बायकांना कळवायला हवं. मला नाही जमणार. तू करशील?”

उर्मिलाताईंनी मान हलवली. सिल्व्हर पार्कच्या या फ्लॅटमध्ये येण्याआधी, गिरगावात असताना, त्यांनी एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरचं काम आयुष्यभर केलं होतं. आवाज न हलू देता निरोप देणं त्यांना येत होतं. निदान तसं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अभिनव ऑफिसला गेल्यावर त्या फोन घेऊन बसल्या. स्वप्नालीनं नावं आपल्या सोयीनं साठवली होती. ‘मिनल थ्रेडिंग शांतीनगर’. ‘सरूबाई नथवाली’. ‘बी विंग आंटी हेअर कलर’. मिनल फोनवरच रडायला लागली. एका गुजराती बाईंनी हिंदीत देवाला दोष दिला. एकीनं सगळं ऐकून घेतलं, हळहळली, आणि मग “आता मी कुणाकडे जाऊ हो?” असं म्हणून स्वतःच ओशाळली. उर्मिलाताई प्रत्येकीला तेच चार शब्द सांगत होत्या.

मग आलं ‘हेमाली मुर्धा फेशियल’.

फोन लावावा म्हणून त्यांनी नाव उघडलं, तर त्याच सकाळी आलेला मेसेज दिसला. “ताई, माझ्यावर रागावलात का?”

त्याच्याखाली उत्तर गेलेलं होतं. “नमस्कार! स्वप्नाली ब्यूटी केअरला संपर्क केल्याबद्दल आभार. तुमचा मेसेज मिळाला. मी लवकरच येते.”

उर्मिलाताईंच्या हातातून फोन मांडीवर पडला. क्षणभर त्यांना खरंच वाटलं की कुणीतरी आत्ता हे लिहिलं. मग आठवलं. वॅक्सचे हात असताना उत्तर देता येत नाही म्हणून स्वप्नालीनं आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवला होता. महिनाभर तो तसाच जात होता. ज्या ज्या बाईनं मेसेज केला, तिला तिला.

त्यांनी हेमालीचे मेसेज मागे सरकवले.

“ताई, गोल्ड फेशियल करायचंय.” उत्तर: मी लवकरच येते.

“ताई, कधी? आज घरी कोणी नाही.” उत्तर: मी लवकरच येते.

“ताई, मी बाहेर रस्त्यावर थांबले होते. तुम्ही आला नाहीत. मग हे आले.” उत्तर: मी लवकरच येते.

एका फेशियलसाठी बाई रस्त्यावर कशाला थांबेल, हे उर्मिलाताईंना कळेना. त्या आणखी वर गेल्या आणि एक फोटो दिसला. एका तरुण मुलीचा चेहरा, डोळ्याखालचा भाग सुजून निळा पडलेला. फोटोखाली लिहिलं होतं, “साधं फेशियल.” मग दंडाचा फोटो. मानेचा. आणि स्वप्नालीचे, खरोखर तिनं लिहिलेले मेसेज: “फोटो मला पाठव आणि ते, माझा हा मेसेजही, तुझ्या फोनमधून लगेच पुसून टाक. माझ्याकडे राहतील. तो तुझा फोन बघतो तर बघू दे, पार्लरचंच बोलणं दिसेल. साधं म्हणालीस तर मी येऊन भेटून जाईन. गोल्ड म्हणालीस की समजेन, तुला बाहेर पडायचंय. तुला घ्यायलाच येईन.”

उर्मिलाताईंनी उठून खिडकी लावली. का लावली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली वॉचमन कुणाशी तरी हसत बोलत होता आणि तो आवाज त्यांना नकोसा झाला होता.

काय करावं? फोन लावला तर उचलणारा कोण असेल? स्वप्नाली गेली असं लिहून पाठवलं, तर त्या मुलीला एकटीनं, नवऱ्याच्या नजरेसमोर ते वाचावं लागेल. आणि काहीच केलं नाही तर हे यंत्र तिला सांगत राहणार की मी येते. त्यांनी आधी, चाचपडत, सेटिंगमध्ये जाऊन तो आपोआप जाणारा मेसेज बंद केला. बोट दोनदा चुकलं.

संध्याकाळी अभिनव आला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे फोन ठेवला. तो उभ्याउभ्याच वाचत गेला, मग बसला.

“मला काहीच बोलली नाही ती,” तो म्हणाला.

“त्या मुलीनं शपथ घातली असेल.”

“नवऱ्याला नाही सांगायचं? एवढं?” तो फोटोंकडे बघत राहिला, मग फोन उलटा ठेवला. “आई, हे आपलं काम नाही. ते मुर्धा गावातले जुने लोक आहेत, जमीनजुमलावाले. उद्या दारात येऊन उभे राहिले तर? हेल्पलाइन असते ना, त्यांना कळवू.”

“कळवूच. पण शनिवारी तू हा फोन पुसणार होतास, अभी.”

अभिनवनं उलटा ठेवलेला फोन पुन्हा सरळ केला.

“त्या मुलीकडे तिच्या माराचा एकही फोटो नाही. सगळे इथे आहेत. तिला वाटतंय ते स्वप्नाकडे सांभाळून ठेवलेत.”

तो उठून आत गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल होते. “नाही पुसत,” तो म्हणाला. “पण पुढे काय करायचं ते तू सांग. मला काही सुचत नाहीये.”

हेल्पलाइनवरच्या बाई नीट बोलल्या. मुलीनं स्वतः फोन केला किंवा तिची इच्छा तिच्याच तोंडून कळली तर लगेच मदत मिळेल, म्हणाल्या. म्हणजे आधी तिच्यापर्यंत पोचायला हवं होतं. आणि त्या घरात आजवर न अडता गेलेली बाई एकच होती, ती म्हणजे पार्लरवाली.

उर्मिलाताईंनी सुनेच्या फोनवरून लिहिलं, “उद्या दुपारी गोल्ड फेशियलला येते.” पाठवायच्या आधी त्यांनी ते वाक्य कितीतरी वेळा वाचलं. गेलेल्या माणसाच्या नावानं आपण बोलतोय, हे त्यांना पाप वाटत होतं. आणि न बोलणं त्याहून मोठं पाप वाटत होतं. मेसेज गेला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.

“हो ताई,” हेमालीनं लिहिलं. बस, तेवढंच.

स्वप्नालीची कामाची बॅग कपाटाच्या तळाशी होती. तिच्यात क्रीमच्या डब्या, बँड, ब्रश, धाग्याची रिळं, सगळं जागच्या जागी होतं. उर्मिलाताईंना थ्रेडिंग येत नव्हतं, फेशियल तर त्यांनी स्वतःही कधी करून घेतलं नव्हतं. सकाळी त्यांनी अभिनवच्या फोनवर व्हिडिओ लावून बघितलं आणि स्वतःच्या गालावर क्रीम चोळून पाहिली. अभिनवनं सुट्टी टाकली होती. पत्ता जुन्या मेसेजमध्ये होता. तो कॅब घेऊन बरोबर येणार आणि मुर्ध्याच्या रस्त्यावर, हेमालीच्या घरापासून जरा अलीकडे थांबणार असं ठरलं.

भाईंदर पश्चिमेचा बाजार मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. एका बाजूला खाडीकडची सपाट जमीन, जिथे पूर्वी मिठागरं होती, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. अभिनव सारखा मागे वळून आईकडे बघत होता.

“अजून विचार कर,” तो म्हणाला.

“केलाय.”

“दार उघडल्यावर काय सांगशील?”

“स्वप्ना गावी गेलीय. मी तिच्या जागी आलेय.”

“आणि नवरा घरी असला तर?”

उर्मिलाताईंनी बॅगेची चेन ओढून घेतली. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, “मॅडम, यहाँ से राइट?” आणि त्या खाली उतरल्या.

घर बैठं, पण ऐसपैस होतं. समोर ओटा, ओट्यावर एक वयस्क बाई सुपात वाल निवडत बसलेली. हेमालीच्या सासूचं नाव पार्वती, एवढं मेसेजमधून कळलं होतं.

“कोन हाय?” पार्वतीबाईंनी मान वर न करता विचारलं.

“पार्लरवाली. हेमालीच्या फेशियलला.”

आता मान वर झाली. पार्वतीबाईंनी त्यांना केसांपासून चपलेपर्यंत बघून घेतलं. “ती बारकी पोरगी येत व्हती.”

“गावी गेलीय ती. तिच्या जागी मी.”

“तू तं माझ्याच वयाची हाय,” पार्वतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाल निवडायला लागल्या. ‘जा’ही म्हणाल्या नाहीत, ‘थांब’ही नाही.

आत हॉलमध्ये एक उंच, नीटनेटका तरुण सोफ्यावर बसून फोनवर सिमेंटच्या गाडीबद्दल बोलत होता. उर्मिलाताईंना बघताच त्यानं फोन ठेवला, उठला आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. हाच सुयोग, हेमालीचा नवरा. अशा माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल अशी त्यांची समजूत होती. काहीच दिसत नव्हतं.

“बसा ना मावशी. रोजच्या मॅडम नाही आल्या?”

“गावी गेल्यात.”

“कुठलं गाव त्यांचं?”

“चिपळूणजवळ.” हे खरं होतं, म्हणून पटकन तोंडातून गेलं.

“अच्छा. मला सांगितलं नाही हेमालीनं, दुसरं कोणी येणार म्हणून.” तो हसला. “तसं काही नाही हो, हल्ली कोणालाही घरात घ्यायची भीती वाटते. थांबा, मॅडमना एक फोन करून घेतो. नंबर आहे माझ्याकडे.”

त्यानं नंबर लावला.

उर्मिलाताईंच्या बॅगेत स्वप्नालीचा फोन वाजायला लागला.

घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. सुयोगनं कानाचा फोन खाली घेतला आणि बॅगेकडे बघितलं. ज्या आवाजानं उर्मिलाताईंनी वर्षानुवर्षं अनोळखी माणसांना “जरा थांबा, जोडून देते” म्हटलं होतं, तोच आवाज आपोआप तोंडातून आला.

“कामाचा फोन माझ्याकडेच दिलाय तिनं. बायकांच्या अपॉइंटमेंट कोण घेणार नाहीतर?” त्यांनी फोन बाहेर काढून त्याच्यासमोर धरला. “हे बघा, तुमचाच नंबर ना? आता सांगा, कितीची अपॉइंटमेंट लिहू तुमची?”

सुयोग एक क्षण बघत राहिला. मग खरोखर हसला. “जा, आत आहे ती.”

बेडरूमचं दार त्यांनी लोटलं, लावलं नाही. लावलं असतं तर विचारायला आला असता. पलंगाच्या कडेला हेमाली बसली होती. फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होती. तिनं उर्मिलाताईंच्या मागे, दाराकडे बघितलं. स्वप्नाली अजून यायची आहे, असं तिला वाटत होतं.

“आडवी हो बाळा,” उर्मिलाताई मोठ्यानं म्हणाल्या. मग बँड लावताना खाली वाकल्या आणि हळू बोलल्या. “मी स्वप्नालीची सासू. गप्प राहून ऐक. स्वप्नाली आता नाही. महिना होईल. डोक्यात रक्तस्राव झाला.”

हेमालीचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर खिळले. बाहेर सुयोग पुन्हा सिमेंटवाल्याशी बोलायला लागला होता.

“पण त्या तर उत्तर देत होत्या,” ती कुजबुजली. “मी येते म्हणत होत्या. कोण लिहीत होतं?”

“कोणी नाही. तिनं लावून ठेवलेला मेसेज होता. आपोआप जायचा.”

उर्मिलाताईंनी तिच्या गालांवर क्रीम लावायला सुरुवात केली. कुठे जोर द्यायचा, कुठे नाही, काही माहीत नव्हतं. डाव्या गालाच्या हाडापाशी बोटं गेली तशी हेमाली आखडली. तिथे जखम जुनी होऊन पिवळी पडलेली होती. त्यांनी बोटं तिथून वळवली. हेमालीच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं आणि क्रीममध्ये मिसळत होतं. रडायचं, तर तेही पडल्या पडल्या, चेहरा न हलवता.

“फोटो?” थोड्या वेळानं तिनं विचारलं.

“आहेत. सगळे आहेत. माझ्या मुलानं दोन ठिकाणी उतरवून ठेवलेत.”

“मी त्या दिवशी पिशवी भरून बाहेर रस्त्यावर उभी होते. त्यांनी बघितलं. तेव्हापासून मला आधार कार्डसुद्धा देत नाहीत.”

“आज यायचंय तुला? नको असेल तर मी फेशियल करून परत जाईन. पुन्हा येईन. तू सांगशील तसं.”

बाहेर सोफा करकरला तसे हेमालीचे खांदे वर उचलले गेले. दाराच्या फटीतून सुयोगचा आवाज आला.

“अजून किती वेळ, मावशी?”

“गोल्ड आहे, साहेब. पॅक सुकायला वेळ लागतो. मध्येच उठवलं तर चेहरा खराब होतो.”

“करा, करा. मी जरा साइटवर जाऊन येतो. गाडी अडकलीय. मी येईपर्यंत तुम्ही निघू नका हां, मावशी. चहा घेऊनच जा.”

बाईक सुरू झाल्याचा, मग दूर गेल्याचा आवाज आला. हेमाली उठून बसली. चेहऱ्यावर क्रीम, कपाळावर बँड, गळ्यात टॉवेल.

“साइट इथेच मागे आहे,” ती म्हणाली. आवाज फुटत होता. “लगेच येतील. ते असेच सांगतात आणि परत येऊन बघतात.”

“मग काय करायचं?”

“मला समिधाकडे जायचंय. बहीण आहे माझी. पनवेलला.”

उर्मिलाताईंनी तिचा चेहरा टॉवेलनं पुसला, नीट पुसला गेलासुद्धा नाही. पिशवी नाही, कागद नाहीत, पायात घरातल्या चपला. हॉल ओलांडून त्या दोघी ओट्यावर आल्या, आणि समोर पार्वतीबाई उभ्या. सूप खाली ठेवलेलं होतं.

पार्वतीबाईंनी सुनेकडे बघितलं, तिच्या कानामागे राहिलेल्या क्रीमकडे बघितलं, मग उर्मिलाताईंकडे.

“पार्लरवाली न्हाय तू,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“ती बारकी पन गावी गेली न्हाय.”

उर्मिलाताईंना खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. “वारली ती. माझी सून होती.”

पार्वतीबाईंचा हात पदराशी गेला. त्या बारक्या पोरीनं येता-जाता ओट्यावर बसून त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळून दिलं होतं, हे हेमालीनं पुढे केव्हातरी सांगितलं.  

“आई,” हेमाली म्हणाली, “मला जाऊ द्या.”

“माझा पोर हाय तो,” पार्वतीबाई म्हणाल्या. रागानं नव्हे. जणू आपलं आपल्यालाच बजावत होत्या. मग त्या वळल्या. “म्होरल्या रस्त्यानं नका जाऊ. तो तिकडूनच येल. विहिरीच्या अंगानं जा.” आणि दारातून आत जाताना, पाठ करूनच, “मी मोटर लावाय गेलेली. मी कायपन बघितलं न्हाय.”

विहिरीकडची वाट दोन घरांच्या मधून जात होती. हेमाली पुढे, उर्मिलाताई मागे. धावायचं नाही, धावलं की लोक बघतात, असं उर्मिलाताई स्वतःला सांगत होत्या आणि तरी पाय धावू बघत होते. कुणाच्या तरी अंगणात कुत्रा भुंकला. एका बाईनं विचारलं, “काय गो हेमाली, कुठं?” आणि हेमाली म्हणाली, “दुकानात.” उर्मिलाताईंनी एका हातानं चालता चालता अभिनवला फोन लावला. उचलल्याबरोबर म्हणाल्या, “विहिरीकडे. मागच्या बाजूला. आत्ता.”

“मागची बाजू कुठे आली? आई, मला काही दिसत नाहीये!”

“भैया को बोल, पीछे घुमाओ!”

त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मागून बाईकचा आवाज आला तशी हेमालीनं त्यांचा दंड इतका घट्ट धरला की पुढे बरेच दिवस तिथे बोटांचे वळ होते. बाईक दुसऱ्याच कुणाची निघाली. दुसरीही. मग वळणावर पांढरी कॅब दिसली आणि अभिनवनं आतून दार उघडलं.

उत्तनकडून येणारी बस, डंपर, हातगाड्या, या सगळ्यांतून गाडी भाईंदरबाहेर पडली. स्वप्नालीचा फोन बॅगेत वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला. हेमालीनं कान दाबून धरले.

“बंद करू?” अभिनवनं विचारलं.

“नको,” उर्मिलाताई म्हणाल्या आणि बॅगेतून काढून फोन उचलला.

“कुठे नेलंय तिला?” सुयोगचा आवाज अजूनही शांत होता, आणि त्या शांतपणानंच अंगावर काटा आला. “तुमच्या मॅडमला फोन द्या. मला तिच्याशीच बोलायचंय.”

“ती बोलू शकत नाही.”

“का? घाबरली?”

“ती देवाघरी गेली. मी तिची सासू बोलतेय. हेमाली तिच्या मर्जीनं आलीय, आणि तुम्ही जे जे केलंत त्याचे फोटो पोलिसांना देणार आहोत.”

पलीकडून फोन कट झाला. उर्मिलाताईंनी बॅगेवर डोकं टेकलं आणि महिनाभरात पहिल्यांदा, ड्रायव्हरची पर्वा न करता, मोठ्यानं रडल्या.

समिधाच्या घरी पोचल्यावर हेल्पलाइनला फोन झाला, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदली गेली. हेल्पलाइननं जोडून दिलेल्या वकीलबाईंनी सगळे मेसेज तारखांसकट बघितले आणि अभिनवला बजावलं की हा फोन आहे तसाच ठेवा, काहीही पुसू नका, नंबरही चालू ठेवा. शनिवारी जो नंबर बंद व्हायचा होता त्याचं अभिनवनं वर्षभराचं रिचार्ज केलं.

पुढचे काही आठवडे सोपे गेले नाहीत. लिफ्टचं दार वाजलं की उर्मिलाताई पीपहोलमधून बघायच्या. सुयोग एकदा सोसायटीच्या गेटपर्यंत आला. वॉचमननं “साहब, फ्लॅट नंबर बोलो” म्हणून अडवलं, इंटरकॉम केला, आणि अभिनव खाली जायच्या आत तो निघून गेला होता. तो पुन्हा आला नाही, पण येणारच नाही असं कोणी सांगू शकत नव्हतं. अभिनव बायकोवर रागावलेलाही होता. “मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?” असं तो एकदा जेवताना म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, “म्हटलं असतं.”

एका रविवारी दुपारी त्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. अभिनवच जवळ होता. त्यानं उघडला.

“मावशी, मी हेमाली. हा माझा नवा नंबर. समिधा म्हणते आता मी नीट जेवते. एक विचारायचं होतं. ताईंचा एखादा फोटो पाठवाल का? माझ्याकडे एकही नाही. सगळं पुसावं लागायचं ना, म्हणून.”

अभिनवनं ते आईला वाचून दाखवलं. मग फोनमधली फोटोंची गॅलरी उघडली आणि मागे मागे सरकवत गेला. इतके दिवस त्यानं त्या फोटोंना हात लावला नव्हता. चिपळूणचे, लग्नातले, नवरींच्या मेकअपच्या फोटोंत मागे आरशात दिसणारी ती.

“हा दे,” उर्मिलाताई म्हणाल्या.

“यात ती नीट दिसत नाही.”

“मग तो, साडीतला.”

“तो नको.” तो पुढे गेला, मागे आला. शेवटी एका फोटोपाशी थांबला. स्वयंपाकघरात स्वप्नाली डोक्याला मेंदी लावून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून उभी होती आणि फोटो काढणाऱ्यावर हात उगारून हसत होती. फोटो त्यानंच काढला होता.

“हा पाठवला तर ती मला मारेल,” अभिनव म्हणाला, आणि पाठवला.